हायाओके आळीचे पन्नास शिक्के

३ एप्रिल, बुधवार

या आळीत माझ्यासारखा गाढव दुसरा नाही, आणि यंदा आळीचा अध्यक्षही मीच आहे. एवढं आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

मार्चात पालिकेकडून कागद आले. नेहमीसारखे ते पुठ्ठ्याला लावले, वर माझा शिक्का मारला आणि पुठ्ठा शेजारी धाडला. उंदरांच्या औषधाचा एक कागद, गटार साफ करायच्या रविवारचा एक, पोरांना टोचायच्या सुयांचा एक, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरातलं तीन पानी काहीतरी. पुठ्ठा दारोदार फिरला. ज्यानं त्यानं "पाहिलं" म्हणून सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवला आणि पुठ्ठा पुढच्या दारात टेकवून ठेवला. सत्तेचाळीस घरं, सत्तेचाळीस शिक्के. वाचलं एकानंही नाही. फिरता पुठ्ठा कोण वाचतो?

आज पालिकेतला कुसाका नावाचा कारकून दुकानात आला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "तुमच्या आळीनं एकमतानं पाठिंबा दिला, आभारी आहोत."

"कशाला पाठिंबा?"

तर म्हणे तळाच्या तीन पानांना. एक जुलैपासून हायाओके-माची हे नाव बाद. पलीकडच्या दोन आळ्यांसकट आम्ही सगळे मिदोरी-चो, विभाग दुसरा. मिदोरी म्हणजे हिरवं! आळीत हिरवं काय आहे, तर गटाराच्या कडेचं शेवाळ.

"पण शिक्के आहेत ना सगळ्यांचे," म्हणतो, आणि पुठ्ठा माझ्याच नाकासमोर धरतो. पहिला शिक्का माझा. उरलेल्यांतले एकेचाळीस मी स्वतःच्या हातानं कोरलेले. चाळीस वर्षं शिक्के कोरतोय, गिऱ्हाइकाला बजावतोय की शिक्का मारण्याआधी वाचत जा. आणि स्वतः?

कुसाकानं एक वाट सांगितली. दहा तारखेला जाहीर सूचना लागेल. तिथून तीस दिवसांच्या आत आळीतल्या पन्नास सज्ञान माणसांनी सही-शिक्क्यानिशी हरकत घेतली, तर पालिकेला सुनावणी घ्यावी लागते.

संध्याकाळी मित्सुएला सांगितलं. ती माध्यमिक शाळेच्या कचेरीत कामाला आहे, तिला या कागदांतलं कळतं. "बाबा, तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"वाचलं असतं तर शिक्का मारला असता का?"

"वाचलं असतं तरी बाकीच्यांनी मारलाच असता," एवढं बोलून ती भांडी घासायला उठली. आईवर गेली आहे. माझी फुसाही असंच एक वाक्य टाकून उठायची.

७ एप्रिल, रविवार

गटार साफ करायला सगळे जमले होते, तिथेच विषय काढला. वाटलं होतं आग लागेल. कसचं काय! फावड्यावर हनुवटी टेकून उभे.

सगळ्यात आधी तोंड उघडलं कान्बेनं. तोफूवाला कान्बे, शाळेत माझ्याच बाकावर होता, तेव्हापासून माझ्या उलट बोलायचं व्रत घेतलंय त्यानं. "जाऊ दे की मेलं ते नाव! मढ्याच्या पिंपांची आळी! तुला सांगतो, माझ्या डब्यावर हे नाव छापलंय म्हणून स्टेशनासमोरचं हॉटेल माझं तोफू घेत नाही. जेवायला बसलेल्या माणसाला मढं कशाला आठवून द्यायचं, म्हणतात."

"आजोबापणजोबांचं नाव आहे!"

"तुझ्या आजोबांनाही मढ्याच्याच पिंपात बसवलं होतं का रे?" सगळे हसले. माझ्या आजोबांना खरंच पिंपात बसवून नेलं होतं. त्या काळी मेलेल्या सगळ्यांनाच तसं पिंपात बसवून पुरायला नेत. यात हसायचं काय आहे ते मला कळलं नाही.

वर आळीचा सार्वजनिक न्हाणीघरवाला म्हणतो, "अध्यक्षसाहेब, एवढे का तापताय? नाव बदललं की प्रत्येक दुकानाला पत्त्याचा नवा रबरी शिक्का लागणार. तो कोण करणार? तुम्हीच! घरबसल्या दिवाळखोरी टळली तुमची!"

फावडं तिथेच टाकून घरी आलो. माझ्या वाटणीचं गटार तसंच तुंबलेलं आहे.

११ एप्रिल, गुरुवार

काल सूचना लागली. आजपासून दिवस मोजायचे.

सकाळीच देवळात गेलो. आमचे भिक्षू चोनेन-सान पंचाहत्तरीचे, दुपारी बाटली उघडली की त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून सकाळी. म्हटलं, हे नाव आलं कुठून, काही लिहिलेलं आहे का? तासभर शोधून त्यांनी मृतांची जुनी वही काढली. सर्दी झाल्यासारखे शिंकत होते धुळीनं, आणि प्रत्येक शिंकेला मला दोष देत होते.

एकशे दहा वर्षांपूर्वी, आन्सेई शकाच्या पाचव्या वर्षी, गावात पटकी आली. आळीचं नाव तेव्हा नुसतं ओके-माची होतं, म्हणजे पिंपवाल्यांची आळी. सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोची, साकेच्या दारूची, आंघोळीची पिंपं करायचे. मढ्याची पिंपं करणारे वेगळे होते, नदीपलीकडे. ते आठ दिवसांत पळून गेले. माणसं रस्त्याकडेला चटईत गुंडाळून पडलेली. तेव्हा आमच्या पिंपवाल्यांनी काम हातात घेतलं. लाकूड संपलं, तशी घरातली मिसोची भरली पिंपं रिकामी करून त्यांच्या फळ्या काढल्या. चाळीस दिवसांत अकराशे बेचाळीस पिंपं. वहीच्या कडेला त्या वेळच्या भिक्षूंनी लिहिलंय: "पैसा घेतला नाही." आणि खाली आळीतल्या नऊ घरांची नावं, जिथे मागे कुणी उरलं नाही. त्या पावसाळ्यानंतर लोक आळीला हायाओके-माची म्हणू लागले, म्हणजे तातडीच्या, मढ्याच्या पिंपांची आळी. दरबारानं दिलेलं नाव नव्हे, गावानं दिलेलं.

मी तिथेच रडलो, खोटं कशाला लिहू. चोनेन-सान म्हणाले, "वही ओली करू नका."

आता बघतो कोण हसतो ते.

१४ एप्रिल, रविवार

हसले. कान्बे म्हणाला, "गोष्ट चांगली आहे. पण डब्यावर ती गोष्ट छापता येत नाही, नाव तेवढं छापलं जातं. मढं ते मढंच."

दुपारी इगाराशीबाई आल्या. मित्सुएची स्थळं त्या बघतात. सत्तावीस संपत आलं पोरीचं. गेल्या तीन वर्षांत दोन स्थळं फोटो आणि माहितीचा कागद बघूनच परत गेली, भेटसुद्धा झाली नाही. फोटोत ती तोंड मिटून बसते, मी शंभरदा सांगितलं, जरा हस. आता तिसरं स्थळ आहे: होरिबे नावाचा, शेजारच्या गावच्या तारघरात नोकरीला, तेहतीस वर्षांचा. बाईंना म्हटलं, उद्याच कागद पाठवा.

"घाई नको," बाई म्हणाल्या. "जुलै उजाडू दे. मग नवा कागद लिहू आणि पाठवू."

"जुलैत काय शिंगं फुटणार आहेत हिला?"

बाईंनी मित्सुएकडे पाहिलं, मित्सुएनं चहाच्या किटलीकडे. "मुहूर्त चांगला आहे," बाई म्हणाल्या. या बाईला फक्त आमच्याकडची बिस्किटं खायला यायचं असतं.

१९ एप्रिल, शुक्रवार

आठ दिवस घरोघर फिरतोय, जमले किती? अकरा. त्यातल्या दोघांना वाटलं मी रेडिओ-व्यायामाची वर्गणी मागायला आलोय.

अर्जावर प्रत्येकाचा पूर्ण पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिलेला लागतो, नाहीतर पालिका तो बाद करते. म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, माझं अक्षर शिक्क्यापुरतं, तेही उलटं. शेवटी मित्सुए म्हणाली, "मी येते संध्याकाळी. पत्ता मी लिहिते, त्यांनी शिक्का मारावा." चार घरं फिरलो. मी पटकीची गोष्ट सांगायची, तिनं तोवर गुडघ्यावर फळी ठेवून लिहायचं. अक्षर बघत राहावं असं. हायाओके-माची लिहिताना मात्र तिचा हात दर वेळी जरासा थांबतो. अक्षरं अवघड आहेतच.

एक गोष्ट विचारायची राहून जाते. तिच्या मैत्रिणींची पत्रं शाळेच्या पत्त्यावर का येतात? आमचा पोस्टमन बिनडोक आहे हे खरं, पण इतकाही नाही.

२९ एप्रिल, सोमवार

सुट्टी. एकतीस झाले.

न्हाणीघरवाल्याच्या आईनं, ब्याण्णव वर्षांची म्हातारी, गोष्ट ऐकून माझा हात धरला. त्या नऊ घरांतलं एक तिच्या आजीचं माहेर. आजीनं कधी सांगितलं नव्हतं, पण दर उन्हाळ्यात एक दिवस मिसो खायची नाही. म्हातारीनं मुलाला हाक मारली, "शिक्का आण!" तो म्हणतो, "आई, पण..." "शिक्का आण म्हटलं ना!" तिनं त्याचा, सुनेचा आणि स्वतःचा, तिघांचे शिक्के आपल्या हातानं मारले. सुनेचा उलटा उमटला. पुन्हा मारला.

बाहेर पडल्यावर मित्सुए म्हणाली, "बाबा, तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा अकराशे बेचाळीसच्या जागी दर घरी आकडा वाढत चाललाय. आज पंधराशे झाले."

"भावना महत्त्वाची."

"वहीत आहे तेवढंच सांगा. तेवढंच पुरेसं आहे." आणि पुढच्या घरी मी दम खायला थांबलो, तर तिनंच सांगायला सुरुवात केली. बरी सांगते.

५ मे, रविवार

सेहेचाळीस. पाच दिवस राहिले. ज्यांच्याकडून आशा होती त्यांनी दारं लावून घेतली. "विचार करतो" म्हणजे नाही, हे मला या वयात शिकवायला नको. तिघांनी तर माझ्याकडेच नव्या पत्त्याच्या रबरी शिक्क्याची चौकशी केली. डोकं फिरायची वेळ आली आहे.

८ मे, बुधवार

चमत्कार! कान्बे आला. हातात तोफूचा तुकडा, तोंड लिंबू चावल्यासारखं. "मर तू. आण तो कागद." त्यानं मारला, त्याच्या दोन्ही भावांनी मारला. "नाव मला आवडत नाहीच. पण तुझा आवाज बसलाय महिनाभर ओरडून, तो ऐकवत नाही." एकोणपन्नास झाले. एक हवा. एक!

रात्रीच्या जेवणाला बसलो तर मित्सुए उठली, तिचा शिक्का घेऊन आली. वीस वर्षांची झाली तेव्हा मी बॉक्सवुडच्या लाकडात कोरून दिलेला. शेवटच्या ओळीवर पत्ता लिहिला, शिक्का दाबला, कागद माझ्यापुढे सरकवला. "पन्नास," म्हणाली.

घरात पन्नासावा बसलेला आणि मी वेडा गावभर फिरतोय! तिलाच आधी मागितला नाही, खरंच कधी सुचलंच नाही. मी जोरात हसलो. ती हसली नाही. दमली असेल.

९ मे, गुरुवार

काय लिहू?

सकाळी कान्बेकडे गेलो सांगायला. तो फेरीवर होता, त्याची बायको ओताकीबाई होती. म्हटलं, झाले पन्नास, उद्या देऊन टाकतो. "पन्नासावा कुणाचा?" मित्सुएचा, म्हटलं. बाईच्या हातातली मोगरी सोयाबीनच्या टोपलीत पडली.

"तिनं दिला? आणि तुम्ही घेतलात?"

"का? काय झालं?"

"अहो, आंधळे आहात का तुम्ही? ती दोन स्थळं कशानं गेली? फोटोनं? पहिल्या वेळी त्या लोकांनी इगाराशीबाईंना तोंडावर सांगितलं, मढ्याच्या आळीतली मुलगी घरात नको. दुसऱ्यांनी तर पत्ता बघूनच पाकीट परत केलं, आतला फोटो काढलासुद्धा नाही. पोरगी आमच्या मागच्या दारात बसून रडली. बाबांना कळू देऊ नका म्हणाली. जुलैची वाट बघतेय ती! नवा पत्ता लिहून कागद जाणार होता!"

घरी आलो. दुकान बंद ठेवलं. माहितीच्या त्या कागदावर पहिली ओळ पत्त्याची असते. दोन्ही कागद मीच लिहायला लावले होते, मीच बजावलं होतं, पत्ता ठसठशीत लिही. आणि नंतर वर्षभर तिला म्हणत राहिलो, फोटोत हसत जा.

तीन आठवडे शेजारी बसून चाळीसेक वेळा तो पत्ता लिहिला तिनं. एक शब्द नाही.

संध्याकाळी ती आली, जेवलो, तिनं विचारलं, "उद्या जाताय ना?" जातो म्हटलं.

१० मे, शुक्रवार

तीन वाजता पालिकेत पोचलो. कागद कापडात बांधून मांडीवर. खिडकीसमोर बाक आहे, त्यावर बसलो. कुसाकानं दोनदा पाहिलं. साडेचारला बाहेर येऊन विचारलं, "उझावा-सान, काही द्यायचंय का? पाचला बंद होतं."

"नाही. पाय दुखतात, बसलोय."

पाच वाजता खिडकीचं दार खाली आलं. अजून पाव तास बसून राहिलो. मग उठलो.

कागद चोनेन-सानकडे ठेवून आलो, त्या वहीशेजारी. त्यांनी काही विचारलं नाही. दुपार टळून गेली होती, त्यांना विचारण्यासारखी अवस्थाही नव्हती.

११ मे, शनिवार

सगळ्यांना सांगितलं, उशीर झाला, खिडकी बंद झाली. अशा शिव्या मी फौजेतही खाल्ल्या नव्हत्या. ज्यांनी शिक्का दिला ते शिव्या देतात, ज्यांनी दिला नाही तेही देतात. न्हाणीघरवाला दारात उभा राहून म्हणाला, "रबरी शिक्के, काय? आधीच माहीत होतं." त्याच्या आईनं माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. ते लागलं.

कान्बेनं तोफू बंद केलं. ओताकीबाई मात्र मागच्या दारानं टाकून गेली. तिला कळलंय. तिला म्हटलं, तोंड बंद ठेवा. "माझं एकवेळ राहील," म्हणाली, "तुमचं राहिलं पाहिजे."

मित्सुए म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यात कधी कुठे उशिरा पोचलात?"

"काल पोचलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी वर्तमानपत्र डोक्यापर्यंत वर केलं.

१५ जून, शनिवार

नव्या पत्त्याचे अडतीस रबरी शिक्के करायचे आहेत. येतात, टोमणा मारतात, आणि मग म्हणतात, "विभाग दुसरा जरा मोठ्या अक्षरात करा हं." आधी शिवी की आधी मागणी, एकदा ठरवा तरी! कान्बेचाही आला. स्वतः नाही आला, भावाला पाठवला.

४ जुलै, गुरुवार

पालिकेची माणसं आली, कोपऱ्यावरच्या चारही पाट्या काढून हातगाडीत टाकून घेऊन गेली. नव्या निळ्या लावल्या. अर्धा तास लागला.

७ जुलै, रविवार

भेट झाली. स्टेशनाजवळच्या हॉटेलात: होरिबे, त्याची आई, इगाराशीबाई, आम्ही दोघं. मुलगा बरा. उंच, कमी बोलतो, बुटाला पॉलिश. आई मोठी कडक, पंखा मिटून मांडीवर ठेवते आणि प्रश्न विचारताना उघडते.

सगळं गोड चाललं होतं. बाईंनी मित्सुएच्या शिवणाची तारीफ केली, ती खोटी आहे. मग त्या आईनं पंखा उघडला. "मिदोरी-चो. नवीन वस्ती दिसते. कुठे आली ती?"

मी तोंड उघडलं, स्टेशनाच्या पूर्वेला, एवढंच सांगणार होतो. बाईंनी मान डोलावली. आणि मित्सुए म्हणाली, "वस्ती जुनीच आहे. मागच्या महिन्यापर्यंत तिचं नाव हायाओके-माची होतं."

पंखा थांबला. इगाराशीबाईंना ठसका लागला. मी टेबलाखालून पाय मारला, तो बहुधा होरिबेला लागला. पण ती थांबते कशाची! मढ्याची पिंपं, पटकी, मिसोच्या फळ्या, नऊ घरं, सगळं सांगितलं. अकराशे बेचाळीस. बरोबर आकडा. पैसा घेतला नाही, इथपर्यंत. जेवण गार झालं.

परतताना बसमध्ये मी फुटलो. "दोन महिने शिव्या खाल्ल्या मी! कशासाठी? आळी माझं तोंड बघत नाही! कान्बे..." आणि मग गप्प झालो, कारण बोलायचं नव्हतं ते बोलून गेलो होतो.

"मला माहीत होतं," मित्सुए म्हणाली. "मेच्या अकरा तारखेलाच. तुम्ही वर्तमानपत्र उलटं धरलं होतंत."

"मग का बोललीस तिथं?"

"पहिल्या घरी लिहिताना लाज वाटत होती. विसाव्या घरापर्यंत वाटत होती. मग न्हाणीघरातल्या आजींनी शिक्के मारले ना, त्या दिवसापासून नाही वाटली. आज त्यांनी विचारलं आणि मी मिदोरी-चो म्हटलं असतं, तर वाटली असती." थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही मला विचारायला हवं होतं, बाबा. मी शिक्का वाचून मारला होता."

आळीभर मी एकटाच न वाचता सगळं करतो, हेच खरं. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून खिडकी बंद करायला सांगितली.

१० जुलै, बुधवार

इगाराशीबाई घाम पुसत आल्या. मुलाच्या आईला पसंत नाही. मढ्याचं ऐकल्यापासून बाई जेवली नाही म्हणे. मी म्हटलं, संपलं.

"संपलं कुठे! मुलगा आईशी भांडलाय. रविवारी येतो म्हणतोय, एकटाच. मित्सुए-सानना विचारलंय त्यानं, ती आळी दाखवाल का?"

मित्सुए आत तांदूळ धूत होती, पाण्याचा आवाज एकदम बंद झाला.

आता काय करू? रविवारला चार दिवस आहेत. माणूस तारघरातून सुट्टी काढून हायाओके-माची बघायला येणार, आणि दाखवायला इथे आहेत चार निळ्या पाट्या, हिरव्याच्या नावानं शंख!